बांधीएवढा शेवट

माझी बायको सिनेमा अर्धा पाहायची आणि सांगायची मात्र पूर्ण.

तिचं माहेर तुमसरचं. बाप धानाच्या गिरणीत हमाल. गिरणीच्या मागच्या गल्लीत टॉकीज होती आणि तिथला दारवाला बापाच्या ओळखीचा होता. मध्यंतर झालं, लोक चहा-चिवडा खाऊन परत आत गेले, की तो बाहेर घुटमळणाऱ्या पोरींना हळूच आत सोडायचा. पडद्यासमोर खाली बसायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही, एवढीच अट. त्यामुळे लग्न होऊन आमच्या गावी येईपर्यंत तिनं गंज, म्हणजे पुष्कळ, सिनेमे पाहिले, पण एकाचीही सुरुवात पाहिली नाही. कोण कोणाचा भाऊ, खून कोणाचा झाला, घोडा कोणाचा, हे सगळं तिचं तिनं ठरवलं.

मी एकदा म्हटलं, "अर्ध्यावर जाऊन समजते काय वो तुले?"

तर म्हणाली, "तुमच्या घरात बी मी अर्ध्यावरच आली ना जी. समजलंच ना सारं?"

यावर काय बोलायचं? तिच्यासमोर मी पुष्कळ वेळा गप्प बसलो, आणि जिथं नाही बसलो तीच गोष्ट इथं सांगतो.

आमचं गाव वरठी आणि मोहाडीच्या मधात. शेती धानाची. पाऊस जमला, बांधीत, म्हणजे बांध घालून केलेल्या शेताच्या तुकड्यात, चिखल झाला, की रोवणा लागतो. बाया ओळीनं वाकून धानाची रोपं, म्हणजे पऱ्हे, चिखलात लावतात आणि एकेक पाऊल मागे सरकतात. आम्ही माणसं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकायचो. दुसऱ्या गावांत बाया रोवताना गाणी म्हणायच्या. आमच्याकडे हिचा सिनेमा चालायचा. ही ओळीच्या मधात राहायची, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जाईल, आणि सांगायला लागली की कोणाची ओळ वाकडी होत नव्हती. मागे पडलं तर ऐकू येणार नाही, म्हणून कोणी मागे पडत नव्हतं. ज्याच्या शेतात रोवणा असे तो आधी येऊन विचारायचा, "बाई येऊन राहिली ना?" मला कोणी विचारत नव्हतं.

नियम एकच. एका बांधीत एक सिनेमा. बांधी सरली की सिनेमा सरला पाहिजे. अर्धा सिनेमा धुरा ओलांडून दुसऱ्या बांधीत न्यायचा नाही, नेला तर लोंबीत पोचट दाणे भरतात, असं आमची माय सांगायची. खरं-खोटं देव जाणे. पण बायांनी ते पक्कं धरलं होतं. आणि बांध्या काही सारख्या नसतात. आमची बाभळीजवळची बांधी आंगणाएवढी, आणि घराकडची मोठी बांधी अशी की सकाळी उतरलेल्या बाया दुपारच्या भाकरीला वर यायच्या. त्यामुळे एकच सिनेमा बाभळीजवळ वेगळा सरायचा आणि घराकडे वेगळा. लहान बांधी असली की हिरो लवकर मरायचा. मोठी असली की मेलेला परत यायचा, त्याचं लग्न व्हायचं, सासू छळायची, मग कुठं सरायचं.

तिचा सगळ्यात चालणारा सिनेमा इंग्रजी होता. त्या टॉकीजमध्ये सकाळच्या खेळाला इंग्रजी लावायचे. त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. आम्ही त्याला दोरीवाला म्हणायचो. तो असा.

एक मोठा तलाव. तलावाच्या पाळीत पाणी सोडायचं दार असते, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. ते तुडुम आतून अडलं. खालच्या बांध्या वाळून राहिल्या, पऱ्हे पिवळे पडले. मग एक माणूस तयार झाला. डोक्यावर काचेची घागर पालथी घातली, तोंडाला नळी लावली, कमरेला दोरी बांधली आणि उतरला तळाशी. तिथं काळोख. इतका काळोख की लहान लहान मासोळ्या फक्त चमकताना दिसतात, दूर, ठिपक्यासारख्या. पाण्यात माणसाला जसं हळू हलावं लागते तसा तो हळू हळू हलतो. पाळीवरच्या खोपटीत त्याची बायको बसली आहे. दोरीचं टोक तिच्यापाशी. तो तुडुम काढतो, आणि दोरी तुटते.

इथपर्यंत सगळ्या बांध्यांत सारखं. पुढं फरक. बाभळीजवळ तो तिथंच बुडायचा. मधल्या बांधीत त्याला एक म्हातारी मासोळी पाठीवर घ्यायची. घराकडच्या बांधीत तो दुसऱ्याच गावच्या तलावातून वर निघायचा, पायी पायी वर्षानुवर्षं चालत घरी यायचा, दाढी पांढरी झालेली, आणि बायको त्याला दारातच म्हणायची, "आता आले का? पेज थंडी झाली." यावर बाया हसून हसून चिखलात हात टेकायच्या. आमच्या शेजारणीचा आवाज मोठा. ती बांधीच्या टोकावरून ओरडायची, "आज बुडवू नको वो बाई त्याले, आज माह्या पोरीचे पाहुणे येऊन राहिले." तर ही त्या दिवशी लहान बांधीतही त्याला बाहेर काढायची. घाईघाईत, केसाला धरून.

पण शेवट कोणताही असो, त्याआधी एक गोष्ट ती सोडत नव्हती. दोरी तुटल्यावर बायकोच्या हातात नुसतं टोक राहते. सगळं शांत. आणि मग ती दोरी हलते.

मला हे पटत नव्हतं. बाकी मासोळी, दाढी, पेज, सगळं मी सोडून दिलं, कारण ते तिनं लावलेलं आहे हे तीच कबूल करायची. पण दोरीचं ती म्हणायची, "हे मी डोळ्यानं पाह्यलं. सिनेमात होतं."

"तुटलेली दोरी कशी हलेल वो? तिकडून ओढाले कोनी पाहिजे ना?"

"हलली."

"वाऱ्यानं हलली असेल."

"वारा नव्हता. हलली, सापावानी. मी समोर बसली होती, पडद्याच्या नाकाशी. तुमी होते का?"

मी नव्हतो. पण मी विहिरीवर, गाड्याला, बैलाला आयुष्यभर दोऱ्या बांधल्या आहेत. तुटलेली दोरी पडते. हलत नाही. हे भांडण आमच्या घरात मिठासारखं रोज होतं. भाजी बिघडली तरी दोरी निघायची. पोरगा उशिरा आला तरी दोरी निघायची. पोरगा लहान असताना त्याला वाटायचं, आपल्या घरातली एखादी दोरी हरवली आहे.

लग्नाला गंज वर्षं झाल्यावर वरठीला तंबूतला सिनेमा आला. कोणीतरी सांगितलं, एक इंग्रजी सिनेमा आहे, हिंदीत बोलतो, त्यात माणूस दोरीला लटकते. मी म्हटलं, चल, आज सोक्षमोक्ष लावू. सायकलवर मागे तिला बसवलं आणि नेलं. तिच्या आयुष्यातला हा पहिला सिनेमा, जो ती सुरुवातीपासून पाहत होती.

सुरुवातीला एक उंच लोखंडी नळा उभा होता. त्याच्या बुडाला आग लागली, तंबू हादरला, नळा आभाळात गेला. ही म्हणाली, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "तुझा तलाव. वर आहे. आभाळात."

"काहीही."

मग तो माणूस आला, काचेची घागर घालून. कमरेला दोरी. काळोख, ठिपके. मी तिच्याकडे पाहिलं. ती ओळखत होती, पण मान्य करत नव्हती. तो बाहेर गेला, काहीतरी दुरुस्त केलं, दोरी तुटली, तो दूर दूर गेला, आणि खाडकन दिवे लागले. संपला. तंबूवाल्याला दुसरा खेळ लावायचा होता, त्यानं शेपूट कापलं असेल, असं मला नंतर वाटत राहिलं. तेव्हा मी फक्त एवढं पाहिलं की दोरी काही हलली नाही.

"बोल आता," मी म्हटलं.

"हा तो नाही," ती म्हणाली. "कोनंतरी समोर फटाका चिकटवला आनि मागून दोरी चोरली."

दुसऱ्या दिवशी रोवण्यात तिनं तोच दोरीवाला सांगितला. तलावापासून. फटाक्याचा शब्द नाही. आणि दोरी हलली, माझ्याकडे पाहत पाहत हलली.

ती गेली त्याला दोन रोवणे झाले. छातीचं दुखणं होतं. भंडाऱ्याला दवाखान्यात ठेवली होती. नाकाला नळी होती. पोरगा आणि सून बाहेर गेले की मी खाटेजवळ बसायचो. एक दिवस ती नळीला हात लावून म्हणाली, "पाहा, मी बी तुडुमात उतरली." मी म्हटलं, "गप राय." थोड्या वेळानं म्हणाली, "दोरी हलली होती जी. तुमी कधी मानलं नाही."

मी म्हटलं, "नाही मानलं. तुटलेली दोरी हलत नाही."

नंतर घरी कोणाला मी हे सांगितलं तर ते म्हणाले, काहून असं बोलले, तेवढं हो म्हटलं असतं. कसं म्हणणार? मी हो म्हटलं असतं तर तिला त्याच क्षणी कळलं असतं की डॉक्टरनं मला काहीतरी सांगितलं आहे. मी नाही म्हटलं आणि ती हसली. म्हणाली, "म्हंजे मी आनखी जगते." जगली नाही. पण तेवढी हसली.

त्यानंतर मला त्या दोरीचं खूळ लागलं. घरात तिचे कपडे, तिचा विळा, तिची पानाची डबी, यांच्याकडे पाहून मला जेवढं वाईट वाटलं नाही तेवढं या दोरीचं वाटायचं. कपडे खरे होते. विळा खरा होता. या दोरीचं काय ते कळत नव्हतं. तिनं ती पाहिली होती की नाही? पाहिली असेल तर मी तिला जन्मभर खोटं पाडलं. नसेल पाहिली तर ती मला जन्मभर बनवत होती. दोन्हींपैकी एक मला पाहिजे होतं, कोणतंही. मधात लटकणं नको होतं.

मी हे सुनेला सांगितलं. माझी सून नागपूरची. मला मामाजी म्हणते, आमच्याकडे सासऱ्याला तसंच म्हणतात. घरी शिलाई मशीन चालवते, गावातल्या अर्ध्या बायांचे ब्लाऊज तिच्याकडेच येतात. पोरगा वरठीच्या कारखान्यात, सकाळी मोटरसायकलवर गेला की संध्याकाळी येतो. दुपारी घरात आम्ही दोघंच. तिनं मशीन थांबवलं आणि सगळं ऐकलं. तलाव, घागर, मासोळ्या. मग तोंडावर हात ठेवून हसली.

"मामाजी, आईनं अंतराळाचा पिक्चर तलावाचा करून टाकला?"

"तिनं कुठं केला? मधातून पाह्यला तर कोनालेही तलावच वाटेल. तूच पाहा."

"पाहूच. नाव काय?"

"दोरीवाला."

"असं कसं सापडेल?"

पण तिनं शोधायला घेतलं. टीव्हीला फोनसारखंच सगळं येते आता. ती त्याच्याशी बोलायची, जुना इंग्रजी सिनेमा, अंतराळ, दोरी तुटते, आणि तो दहा भलतेच सिनेमे समोर टाकायचा. मग आम्ही दुपारी ते पाहायचो. मी मुरमुऱ्यात कांदा-तेल कालवायचो, ती मशीनवरचे धागे झटकून बसायची. एकात सगळे लोक हिरवे होते. एकात माकडं बोलत होती. एकात एक यंत्र माणसांना हुकूम देत होतं, तर सून म्हणाली, "हे आपल्या घरच्या मिक्सरसारखं आहे, वाट्टेल तेव्हा बंद पडते." महिने गेले असतील. खरं सांगतो, बायको जायच्या आधी मी सुनेशी कामापुरता बोलायचो. आता तिचं मशीन थांबलं की मी कांदा चिरायला घ्यायचो.

मग एक दिवस मी गोठ्यात असताना तिनं घरातून हाक मारली. "मामाजी, लवकर या. लोखंडी नळा आहे का पाहा."

नळा होता. तोच.

सून वाचून वाचून सांगत होती. हा सिनेमा आता नवा करून लावला आहे. तिकडे म्हणे सिनेमा झाला की आधी थोड्या लोकांना दाखवतात. लोक कंटाळले तर कापतात. लोकांना नाही आवडला तर शेवटच बदलतात. एकाच सिनेमाचे दोन-दोन, तीन-तीन शेवट काढून ठेवतात. जिथं जसे लोक, तिथं तसा लावतात, कुठं कुठं तर न कापलेलाच जातो. कापलेले तुकडे डब्यांत पडून राहतात. या सिनेमाचे डबे कोणाला तरी कुठल्या तळघरात सापडले, त्यांनी ते धुतले, पुसले, तुटलं तिथं जोडलं, आणि पहिल्यांदा जसा बनवला होता तसा पूर्ण केला.

मी म्हटलं, "म्हंजे बांधी पाहून शेवट."

"काय?"

"काही नाही. ते लोक बी रोवण्याचेच दिसतात."

"तीन शेवट आहेत मामाजी. कोनता लावू? पुष्कळ ठिकाणी लागला तो, परत जोडलेला, का तिसरा?"

"सारेच लाव. आपल्याले कोनती बांधी सरवाची आहे?"

पहिला शेवट तंबूतलाच होता. दोरी तुटली, माणूस दूर गेला, अंधार. मला मी आणि ती बाकावर बसलेलो आठवलो, दिवे लागलेले, ती रागावलेली.

मग सुनेनं परत जोडलेला लावला. यात मधात पुष्कळ काही होतं जे आम्ही पाहिलं नव्हतं. तो माणूस आणि यानात बसलेली एक बाई यांचं बोलणं होतं, जेवण होतं, एक भांडण होतं. बाई त्याची बायको होती की नाही ते काही नीट कळलं नाही. मग तो बाहेर गेला. बाई काचेच्या खिडकीशी बसली. काळोख, ठिपके. मी मुरमुरे खाली ठेवले. दोरी तुटली. आता दिवे लागायला पाहिजे होते, पण लागले नाहीत. बाई खिडकीत होती. कोणी बोलत नव्हतं. आणि काचेच्या बाहेरून, खालून वर, दोरीचं तुटलेलं टोक आलं. हळू. वळवळत. ते खिडकीसमोर आलं, डोलत राहिलं, एकदा काचेला टेकलं, आणि बाईनं आतून त्या जागी हात ठेवला.

सापावानी. ती म्हणाली होती तसंच.

"परत लाव," मी म्हटलं.

सुनेनं परत लावलं. परत हलली.

"आनखी एकदा."

सुनेनं टीव्हीकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं आणि लावलं. मग मी उठलो आणि गोठ्यात गेलो. म्हशीला पाणी दाखवलं. तिनं नुकतंच पिलं होतं, तिनं तोंड फिरवलं. मी बादली घेऊन तिथंच उभा राहिलो. रडलो म्हणायचं तर रडलो नाही, रडायचं तेव्हाच झालं होतं. मला बोलायचं होतं. "पाहून आलो" एवढं सांगायचं होतं, आणि सांगायचं ते माणूस नव्हतं. ती इथं असती तर तिनं मला किती छळलं असतं! सगळ्या गावाला सांगितलं असतं. शेजारणीला धुऱ्यावर बोलावून माझ्याकडून कबूल करून घेतलं असतं. तो छळ मला पाहिजे होता.

आत आलो तर सून म्हणाली, "पन मामाजी, तुम्ही बी खोटे नव्हते. ती दोरी कोनी ओढली नाही. तिथं वजन नसते. काही पडतच नाही खाली. सुटलेली वस्तू अशीच हलत राहते, आपोआप."

"तिकडून कोनी ओढली नाही?"

"नाही. तो तर केव्हाचा दूर गेला."

मी विचार केला. म्हणजे दोरी हलली, हे तिचं खरं. आणि तुटलेली दोरी तिकडून कोणी हलवत नाही, हे माझं खरं. भांडण मिटलं नाहीच. मला एकदम बरं वाटलं. मिटलं असतं तर मी काय केलं असतं?

तिसरा शेवटही आम्ही पाहिला. त्यात तो माणूस परत येतो. समुद्रात पडतो, नावा जातात, बँड वाजतो, लोक रडतात. मी सुनेला म्हटलं, हा घराकडच्या बांधीचा. माझी बायको बिचारी तुमसरच्या टॉकीजमधल्या फरशीवर बसून हा शेवट कधी पाहू शकली नव्हती, तरी तिनं याला परत आणला होता, आणि चांगला आणला होता. बँड लावणाऱ्यांना सुचलं नाही की त्याला घरी कोणी पेजेचं विचारावं.

यंदाचा रोवणा उशिरा लागला. मी आता पेंड्या फेकत नाही, धुऱ्यावर छत्री घेऊन बसतो. पण ते म्हणायला. हात राहत नाहीत. बाया आता फोनवर गाणी लावतात, फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलेला. त्या दिवशी बाभळीजवळच्या बांधीत होत्या. फोन बंद पडला. सगळ्या मुक्यानं रोवत होत्या, फक्त चिखलाचा आवाज. शेजारीण अजून येते रोवायला, कंबर वाकली आहे तर म्हणते वाकायचं काम अर्धं झालेलंच आहे. ती तिकडून ओरडली, "भाऊजी, तुमी सांगा ना दोरीवाला!"

"मी?"

"मंग काय आता आभाळातून ती येऊन सांगेल? तुमाले पाठ आहे. आयकून आयकून."

मी म्हटलं, बरं. खाकरलो आणि सुरुवात केली, "एक लोखंडी नळा उभा असते, त्याच्या बुडाले आग लागते..."

"फटाका नको!" शेजारीण ओरडली. "तलावापासून सांगा!"

तर तलावापासून सांगितलं. तुडुम अडलं. पऱ्हे पिवळे पडले. काचेची घागर, नळी, कमरेला दोरी. मला वाटलं होतं सांगणं सोपं असेल. पण मी चटचट सांगत गेलो आणि पाहतो तर माणूस तळाशी पोचला आणि बांधी अर्धीही झाली नव्हती. एवढीशी बांधी! ती याच बांधीत हा सिनेमा कसा पुरवायची, हे मला त्या दिवशी समजलं. मग मी तळाशी एक मगर घातली.

"मगर?" एक जण म्हणाली. "आपल्या तलावात मगर कुठून आली जी?"

"इंग्रजी तलाव आहे तो."

सगळ्या हसल्या. ओळ हसत हसत मागे सरकली. मी मगरीला थोडं लांबवलं, तिला पोरंही दिली. मग तिला वाटेला लावून तुडुमाशी आलो. तोपर्यंत बाया धुऱ्याजवळ आल्या होत्या. तुडुम निघालं, पाणी सुटलं, दोरी तुटली. शेवटच्या ओळीचे पऱ्हे हातात राहिले होते.

"सरली बांधी भाऊजी," शेजारीण म्हणाली. "बुडवून टाका आता. बाभळीजवळ बुडतेच तो."

"थांब," मी म्हटलं. "त्याची बायको वर बसली आहे. हातात टोक आहे. वारा नाही, काही नाही. आनि दोरी हलली."

शेजारणीनं मान खाली घातली आणि शेवटचा पऱ्हा लावला. पण तिच्या बाजूला एक नवी सून होती, यंदाच लग्न होऊन गावात आलेली, तिला काही माहीत नव्हतं. ती कमरेवर हात देऊन सरळ उभी राहिली आणि मला म्हणाली, "असं कसं जी? तुटलेली दोरी कशी हलेल?"

"हलली," मी म्हटलं. "मी डोळ्यानं पाह्यलं."

आणि बाजूला पडलेली पेंडी उचलून पुढच्या बांधीत फेकली.